अँबॅसडर, पद्मिनी, जीप: जुनी गाडी जॅकवर घेताना आणि खाली शिरताना

जॅकवरची गाडी आधी सरकते आणि मग पडते. पुढे, मागे किंवा आडवी बोटभर सरकली की जॅक कलतो, त्याची गाडीला टेकणारी वाटी निसटते आणि हजार किलोचं धूड खाली येतं. खाली माणूस असेल तर त्याला बाहेर यायला वेळ मिळत नाही. म्हणून गाडी उचलण्याच्या कामात ‘किती टनाचा जॅक आणू?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की गाडी कुठल्या दिशेने सरकू शकते आणि ती दिशा मी बंद केली आहे का?

मराठवाड्यात जुन्या गाड्यांची बरीचशी कामं घराच्या अंगणात किंवा शेतातल्या शेडमध्येच होतात. शोरूमवाले अँबॅसडर बघून हात जोडतात आणि जीपवाल्याला तर गॅरेजला जायचीच सवय नसते. ब्रेक लायनर, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, सायलेन्सर, गिअरबॉक्सचं ऑइल सील ही कामं घरी होतातही. पुढचं सगळं अशा घरगुती कामांसाठी आहे. ज्यांच्याकडे खड्डा किंवा दोन खांबांची लिफ्ट आहे, त्यांना यातलं फारसं लागणार नाही.

आधी पायाखालची जमीन

आपल्याकडच्या अंगणात चार प्रकारची जमीन भेटते: काळी माती, तिच्यावर टाकलेला मुरूम, शहाबादी फरशी आणि काँक्रीट. यातलं काँक्रीट सोडलं तर एकही जमीन जशी आहे तशी भरवशाची नाही.

थोडा हिशोब करू. अँबॅसडरचं वजन साधारण अकराशे किलोच्या पुढे जातं. चार स्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोड्यांवर, ठेवली तर एका स्टँडवर ढोबळमानाने ३०० किलो आले. स्टँडचे चार पाय, प्रत्येक पायाची जमिनीला टेकणारी जागा पाचेक चौरस सेंटीमीटर, म्हणजे एकूण वीस. एका चौरस सेंटीमीटरवर १५ किलो. त्याच स्टँडखाली एक फूट लांब, एक फूट रुंद जाड फळी ठेवली की तेच वजन नऊशे चौरस सेंटीमीटरवर पसरतं आणि दाब पाव-अर्ध्या किलोच्या आसपास येतो. फळीने पडणारा फरक एवढा मोठा आहे.

काळ्या मातीचा स्वभाव वेगळा सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून लोणी. तिच्यावर चार इंच मुरूम टाकून रोलर फिरवला की अंगण पक्कं दिसतं, पण रात्री पाऊस झाला की खालची माती मऊ होते आणि वरचा मुरूम स्टँडच्या पायाखाली हळूहळू बसतो. एकच पाय अर्धा इंच बसला तरी स्टँड कलतो. म्हणून पावसाळ्यात उघड्या मुरमावर गाडी रात्रभर स्टँडवर ठेवायचीच नाही. ठेवावी लागली तर सकाळी खाली जाण्याआधी चारही स्टँड ओळंब्याने पाहायचे. नजरेने पाहिलेलं चालत नाही.

शहाबादी फरशी फसवी असते. वरून दगड आहे म्हणून आपण निश्चिंत असतो. पण ती चुनखडीची पातळ लादी आहे आणि खाली भरणी पोकळ असेल तर एका टोकावर वजन आल्याबरोबर तडकते. काम सुरू करण्याआधी हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकून बघा. पोकळ आवाज आला ती लादी सोडून द्या. फरशीच्या सांध्यांचाही त्रास आहे, तो ट्रॉली जॅकच्या वेळी सांगतो. पेव्हर ब्लॉकची गत तशीच, एकेक ब्लॉक स्वतंत्रपणे दबतो. डांबरी रस्त्यावर तर एप्रिल-मे महिन्यात दुपारी स्टँड लावूच नका, पाय सरळ डांबरात उतरतात.

उताराचं काय? पाण्याला वाट म्हणून अंगणाला थोडा उतार ठेवलेला असतोच. रिकामी बाटली जमिनीवर आडवी ठेवा. ती आपणहून गडगडली तर ती जागा गाडी उचलायच्या लायकीची नाही. गाडी दुसरीकडे हलवा, भले सावली नसेल.

फळ्यांसाठी १८ किंवा १९ मिलिमीटरचा प्लाय घ्या आणि एकावर एक दोन तुकडे स्क्रूने जोडा. जालन्याच्या बाजूला राहत असाल तर भंगारात सहा मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटचे तुकडे वजनावर मिळतात, ते आणखी चांगले. लाकडी ठोकळे हवे असतील तर सॉ मिलमधून वाळलेल्या बाभळीचे कापून आणा. बैलगाडीला जे लाकूड चालत आलंय ते गाडीच्या वजनाला घाबरत नाही. पॅकिंगच्या खोक्याच्या पट्ट्या, निलगिरी, फुटलेलं लाकूड यातलं काहीही नको.

आणि वीट नको. भट्टीची नको, सिमेंटचा ब्लॉक नको, पोकळ ब्लॉक तर मुळीच नको. लाकूड तुटण्याआधी करकरतं, दबतं, इशारा देतं. वीट तसं काही करत नाही, एका क्षणी तिचा भुगा होतो. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं विटांवरच ठेवतात, काही होत न्हाई ओ’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याला चहा पाजा आणि विटा बाजूला करा.

जॅक उचलण्यासाठी, स्टँड पेलण्यासाठी

हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळं वजन एका रबरी सीलच्या मागे अडकवलेल्या तेलावर असतं. सील जुनं झालं, त्यात कचरा गेला किंवा कुणाचा पाय लागून टामी (जॅकचा दांडा) फिरली आणि वॉल्व्ह सैल झाला, की तेल मागे जातं आणि गाडी खाली येते. कधी हळू, कधी झटक्यात. म्हणून जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही, ‘फक्त एक नट काढायचाय’ म्हणूनसुद्धा नाही. चाक काढण्यापुरता हात चाकाच्या बाहेरून चालतो. डोकं, छाती, पाय आत नाहीत.

घरगुती कामाला तीन टनाचा ट्रॉली जॅक घ्या. नुसत्या वजनासाठी दोन टनाचाही पुरतो, कारण आपण एका वेळी गाडीचं एकच टोक उचलतो. पण तीन टनाचा जॅक रुंद असतो, त्याची वाटी मोठी असते आणि तो उंच जातो. ट्रॉली जॅकची एक खोड लक्षात ठेवायची. त्याचा हात वर्तुळात वर जातो, त्यामुळे गाडी वर येताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं पुढे-मागे सरकावं लागतं. त्याची छोटी लोखंडी चाकं मुरमात रुतली किंवा शहाबादीच्या सांध्यात अडकली, की जॅक जागेवर राहतो आणि वाटी गाडीखालून सरकते. उपाय सोपा आहे. जॅकखाली जाड, सपाट प्लायचा मोठा तुकडा टाका, ज्यावर तो मोकळा फिरेल.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा दहा टनी बॉटल जॅक बीड-परभणीकडे घराघरात सापडतो. ताकद भरपूर, पण माथा रुपयाएवढा आणि बूड लहान. जीपच्या ॲक्सलखाली, खाली प्लेट ठेवून, तो चालेल. पद्मिनीसारख्या ठेंगण्या गाडीखाली तो बहुतेक वेळा शिरतच नाही आणि चाकं ठोकळ्यावर चढवून शिरवला तरी पत्र्यावर त्याचा माथा टिकत नाही. गाडीसोबत आलेला स्क्रू जॅक फक्त रस्त्यावर स्टेपनी बदलण्यापुरता ठेवा.

स्टँडमध्ये दोन जाती. दातेरी पट्टीला खटका अडकणारा आणि भोकातून जाड पिन घालायचा. मला पिनवाला आवडतो. पिन आरपार दिसते, तिथे शंकेला जागा नसते. २०२० साली अमेरिकेत दातेरी स्टँडचा फार मोठा माल परत मागवावा लागला, कारण खटका दातांत पुरता बसत नव्हता आणि वजनाखाली स्टँड खाली बसू शकत होता. दातेरी स्टँड असेल तर वजन देण्याआधी त्याचं डोकं हाताने वर-खाली हलवून, खटका दाताच्या तळाशी टेकलाय हे पाहा. स्टँडवर लिहिलेले टन एका नगाचे की जोडीचे, हेही दुकानदाराला विचारा, पुष्कळदा ते जोडीचे असतात. वेल्डिंगवाल्याकडून करून घेणार असाल तर वरच्या माथ्याला इंग्रजी यू अक्षरासारखी खोबण हवी, म्हणजे ॲक्सलचं हाऊसिंग (बाहेरची नळी) गोल असलं तरी घरंगळत नाही. पायाचा घेर उंचीच्या मानाने मोठा हवा.

चाकं अडवणं: इथे बहुतेक जण फसतात

‘हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये टाकलीय, आता कुठे जातेय?’ जुन्या गाडीच्या बाबतीत हे वाक्य अर्धंच खरं आहे.

अँबॅसडर असो की पद्मिनी, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. गिअरमध्ये ठेवल्याने ती ताकद मागे नेणारा जॉइंट शाफ्ट अडतो आणि शाफ्ट अडला म्हणून मागची चाकं अडतात. पण मागचं एक चाक हवेत उचललं की, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलमुळे हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. शाफ्ट जागच्या जागी, गाडी मात्र मोकळी. म्हणजे एक मागचं चाक उचललं की गिअरची धर संपली. दोन्ही मागची चाकं उचलली तर गिअरही गेला आणि मागच्या ड्रमवरचा हँडब्रेकही गेला, कारण जमिनीवर राहिलेल्या पुढच्या चाकांना त्या दोन्हींशी काही देणंघेणं नाही. आता गाडीला फक्त चाकाला लावलेली पाचरच धरून आहे.

विलीसच्या घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक आणखी वेगळा. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर बसलेला असतो. त्यामुळे मागचं एकच चाक उचललं तरी तो निकामी होतो. जीपचं मागचं काम करताना फोर व्हील लावून, पुढचे हब असतील तर लॉक करून, गिअरमध्ये ठेवली तर पुढची चाकंही धरतात. तरी पाचर हवीच.

पाचर म्हणजे रस्त्याकडेचा गोटा नव्हे. गोट्यावरून चाक चढतं किंवा गोटाच घरंगळतो. बाभळीच्या किंवा सागाच्या ठोकळ्याची तिरकी कापलेली पाचर, टायरच्या रुंदीएवढी, जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकाच्या पुढून आणि मागून, टायरला घट्ट भिडवून लावायची. फटीत बोट गेलं तर ती पाचर लागलेली नाही. पुढचं टोक उचलताना मागच्या चाकांना चार पाचरी, हँडब्रेक आणि गिअर. मागचं टोक उचलताना पुढच्या चाकांना चार पाचरी आणि स्टिअरिंग सरळ.

कुठे टेकवायचं

अँबॅसडर आणि पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळं वजन घेते. त्यामुळे त्या पत्र्याची तब्येत आधी बघायची. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी खालून बऱ्यापैकी राहते. पण आजकाल हौशी लोक मुंबईहून पद्मिनी आणतात. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. समुद्राची हवा आणि तुंबलेलं पाणी खाल्लेल्या गाडीचा दाराखालचा पट्टा वरून चकचकीत आणि आतून चाळण असू शकतो. जाड काळा कोट मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या, त्याखाली लांबी (पुट्टी) भरलेली सापडते. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज म्हणजे पत्रा, मेलेला आवाज म्हणजे लांबी. शंकेच्या जागी पेचकसाचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथे वजन द्यायचं नाही, आधी डेंटर.

मागची बाजू तुलनेने सोपी. या तिन्ही गाड्यांना मागे पाटे आणि अखंड ॲक्सल असतो. जॅक मधल्या डिफरन्शिअलच्या जाड भागाखाली घेता येतो, पण त्याच्या मागच्या पातळ पत्र्याच्या झाकणाला वाटी लागू देऊ नका. झाकण चेपलं की सील जातं आणि तेल गळायला लागतं. ब्रेकचा पाइप हाऊसिंगवरूनच जातो, तोही वाटीखाली चिरडायला नको. स्टँड हाऊसिंगच्या नळीखाली, पाट्यांच्या यू-बोल्टच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे सारख्या अंतरावर. पाट्यांचंच काम असेल तर हिशोब बदलतो. मग स्टँड बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या कानाजवळच्या मजबूत जागी आणि हाऊसिंगला जॅकचा वेगळा टेकू.

पुढे मात्र गाडीगणिक फरक आहे. अँबॅसडरला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, लांब टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मपासून मागे जाणारे. त्या बारला जॅक लावायचा नाही, स्टँड नाही, साखळीही नाही. त्या बारवर ओरखडा पडला तरी तिथून तो पुढे तुटू शकतो. जॅक पुढच्या क्रॉस मेंबरखाली (आडव्या तुळईखाली), मध्ये बाभळीची फळी घालून. पद्मिनीला पुढे दाबून बसवलेल्या कॉइल स्प्रिंग आहेत. ब्रेकच्या कामाला काही हरकत नाही, पण आर्म सोडायचा असेल तर आर्मखाली जॅक लावून ठेवल्याशिवाय शेवटचा नट काढू नका. त्या स्प्रिंगमध्ये दाबलेली ताकद आर्म आणि पाना दोन्ही तोंडावर फेकते.

इंजिनाचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्सचं बूड, स्टिअरिंगचे रॉड, पेट्रोल टाकी आणि बंपर या जागी जॅक कधीच लावायचा नाही.

जीपला अस्सल चासी असल्याने ती सगळ्यांत समजूतदार. दोन्ही ॲक्सल किंवा चासीचे लांब रेल, कुठेही घ्या. एवढंच, की रेलवर चिखल-ग्रीसचा थर असेल तर आधी खरवडून पुसा. लोखंडावर लोखंड आणि मध्ये ग्रीस असेल तर वाटी निसटणारच.

उचलणं

उन्हाळ्यात हे काम सकाळी करा. दुपारी पाना हातात धरवत नाही आणि घामाने हात घसरतात.

गाडीतून सामान काढा, माणसं उतरवा, दारं लावा. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर एक टोक उचलल्यावर झाकणातून पेट्रोल सांडू शकतं, कमी असताना काम काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. किल्ली स्वतःच्या खिशात.

गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा आटा सैल करा. हवेत असताना व्हील पान्यावर पाय देऊन ताकद लावली की तीच गाडी जॅकवरून ढकलते. जुन्या विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात आणि बोल्टच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो. तो पाहिल्याशिवाय पाइप लावून जोर करणारे बोल्ट मोडून बसतात.

जॅक टेकवा, दोन-तीन हात मारा आणि थांबा. खाली वाकून वाटी बरोबर मध्ये आहे का, जॅक सरळ आहे का, पाचरी हलल्या का ते बघा. दाराच्या फटीकडेही नजर टाका. उचलताना फट अरुंद होत असेल किंवा दार अडकायला लागलं असेल तर बॉडी वाकते आहे, म्हणजे खालचा पट्टा गेलेला आहे. तिथेच थांबून गाडी खाली घ्या.

सगळं ठीक असेल तर पुढे चला, पण गरजेपेक्षा दोन बोटंही जास्त नको. स्टँड जितका उंच तितका तो डगमगतो. एका बाजूने उचलत असाल तर एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं असं दोन-तीन टप्प्यांत घ्या, एकाच दमात पूर्ण नको. नाहीतर पलीकडचा स्टँड कलतो. चारही चाकं उचलायची हौस बहुतेक कामांना लागत नाही. लागलीच तर आधी मागचं टोक स्टँडवर पक्कं करा, मग पुढचं अगदी हळू, प्रत्येक टप्प्याला मागचे स्टँड बघत.

स्टँड लावून झाले की जॅक हळू सोडा, वजन स्टँडवर येऊ द्या. मग जॅक पुन्हा नुसता भिडेपर्यंत वर आणून तिथेच राहू द्या. काढलेलं चाक आडवं करून पट्ट्याखाली सरकवा. वेळ आलीच तर गाडी त्या चाकावर अडेल, तुमच्यावर नाही. स्टेपनी असेल तर ती दुसऱ्या बाजूला.

आणि आता, खाली जाण्याआधी, गाडीला धक्का द्या. मडगार्डला दोन्ही हात लावून आडवं हलवा, मग पुढून, मग मागून, चांगलं जोर लावून. गाडी पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर उभे असताना पडू दे. करकर, टकटक, किंचित हलणं, काहीही जाणवलं तर पुन्हा उचला आणि स्टँड नव्याने लावा.

खाली असताना

एकट्याने हे काम करू नका. दुसऱ्या माणसाला काही येत नसलं तरी चालेल, त्याने फक्त तिथे बसायचं आणि जॅकची टामी वर-खाली मारून गाडी कशी उचलायची एवढं त्याला माहीत हवं. गावात गाडी उघडली की बघ्यांची कमतरता नसते. कोणी बोनटला टेकतो, कोणी पोराला स्टिअरिंगवर बसवतो. या सोबतीच्या माणसाचं खरं काम त्यांना चार हात लांब ठेवणं हेच.

गंजलेल्या नटावर लांब पाइप लावून आडवा झटका मारायचा असेल तर खाली झोपून मारू नका. आदल्या दिवशी डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. तरीही नट निघत नसेल तर बाहेर या आणि तिथे दुसरा उपाय करा. ताकद नेहमी वर-खाली लावायचा प्रयत्न करा, आडव्या ओढीनेच स्टँड कलतात. अँबॅसडरचा गिअरबॉक्स एकट्याने छातीवर घ्यायचा प्रकार बघितलाय, तो करू नका. त्याला दुसरा जॅक किंवा दुसरा माणूस लागतो. तो बाहेर आल्यावर गाडीचा तोलही बदलतो, स्टँड पुन्हा तपासा.

उजेडासाठी बॅटरीवरचा एलईडी दिवा. वायर लोंबणारा जुना बल्ब पेट्रोल पाइपखाली नको, फुटला तर ठिणगी. शिवाय लाइट जाण्याचा भरवसा आपल्याला आहेच.

सुटा भाग मुंबईहून यायला दोन महिने लागणार असतील तर गाडी स्टँडवर विसरू नका. चाकं लावून जमिनीवर उतरवता येत नसेल तर बाभळीचे ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचून चौकट करा आणि गाडी ॲक्सलवर ठेवा.

उतरवणं

आधी खालची अवजारं, कपडे, मांजर सगळं बाहेर काढा. चाकं लावून नट हाताने बसवा आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. गाडी थोडी वर उचला, स्टँड काढा, आणि जॅकचा वॉल्व्ह पाव आट्याने सोडा. झटक्यात सोडलेला जॅक गाडी आपटतो, शिवाय तिला पुढे ढकलतो. पाचरी सगळ्यांत शेवटी.

पाट्यांचे बुश बदलले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावर, चाकांवर पूर्ण वजन पडल्यावर शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकाचे नटही जमिनीवर पुन्हा एकदा आवळा. मग गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल चार-सहा वेळा दाबून कडक होतंय का बघा, लायनर बदलल्यावर पहिला दाब बहुतेक वेळा खालीच जातो. पन्नासेक किलोमीटर चालवून आलात की चाकांचे नट परत एकदा तपासा.